भिंतवाला आणि रेडिओवाला

पोलादपूरला महाबळेश्वरचा रस्ता फुटतो त्या नाक्याजवळ चाचांचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी, बिस्किटांच्या दोन बरण्या आणि पुढे काढलेला पत्र्याचा मांडव. चाचा मूळचे महाडचे. तरुणपणी बोटीवर खलाशी होते. निम्मी दुनिया फिरून आल्यावर गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्यांनी इथे येऊन भट्टी पेटवली. भट्टीच्या मागच्या भिंतीवर त्यांनी एका बॉक्सरचं चित्र लावलं होतं. ते कुठल्याशा परदेशी मासिकातलं पान होतं, धुराने पिवळं पडलेलं. रुंद छातीचा, आखूड मानेचा माणूस दोन्ही मुठी हनुवटीखाली धरून उभा होता. चाचा म्हणत, हा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा जगज्जेता, याला मी या डोळ्यांनी बघितलाय. त्याचं नाव ते सांगत, पण ते आमच्या जिभेवर बसत नसे. म्हणून नाक्यावर सगळे त्याला भिंतवाला म्हणत.

मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा होतो. महाडला वाढलेला, पोलादपूरच्या शाळेत मास्तर म्हणून नेमणूक झालेली आणि दीड वर्षापूर्वी लग्न झालेलं. शाळा सुटली की चाचांकडे एक चहा घ्यायचा आणि मुंबईच्या गाडीने आलेलं वर्तमानपत्र सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं, हे माझं ठरलेलं काम होतं. वाचता येणारे इतरही होते, पण मास्तराने वाचलं की बातमी खरी वाटते, असं चाचांचं म्हणणं.

माझे सासरे आंबेनळी घाटाच्या बाजूला, डोंगरातल्या एका वाडीत शेती करत. भात, वरच्या उतारावर नाचणी, दोन बैल, एक म्हैस. बाजाराच्या दिवशी ते दोन तास चालत खाली येत. उंच, सरळ, साठीला आले तरी पोटाला सुरकुती नसलेला माणूस. एके काळी जत्रांमधून कुस्त्या केलेल्या. मी त्यांना मामा म्हणत असे आणि ते मला मास्तर.

दीड वर्षात आमचं बोलणं दोन वाक्यांपलीकडे गेलं नव्हतं.

"मास्तर, बरं हाय ना?"

"हो मामा. तुमचं?"

यावर ते नुसती मान हलवत. मी वाडीवर गेलो की ओटीवर त्यांच्या शेजारी माझ्यासाठी घोंगडी अंथरलेली असे. मी पावसाचं विचारावं, बैलांचं विचारावं, आणि त्यांनी समोरच्या डोंगराकडे बघत राहावं. पैलवानाला असला काडीसारखा, चष्मा लावणारा जावई पसंत नसणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो. हे मी बायकोला कधी बोललो नाही. तिच्या बापाची तक्रार तिच्याकडे कशी करायची?

त्या वर्षी हिवाळ्यात चाचांनी मुंबईहून एक ट्रान्झिस्टर आणवला. डोंगरांमुळे त्यात निम्मी खरखरच यायची, पण कधी सकाळच्या वेळी परदेशी स्टेशन लागे आणि चाचा बोटीवरच्या इंग्रजीच्या जोरावर आम्हाला काय ते सांगत. असंच एका सकाळी त्यांना एका नव्या जगज्जेत्याची झुंज ऐकायला मिळाली. दुपारी मी शाळेतून येईपर्यंत ते धुमसत होते.

"हा कसला पैलवान? हा तर नाच्या! आवाज सांगत होता, रिंगणभर नाचतो, मागे पळतो, हात खाली सोडतो आणि लोक टाळ्या वाजवतात. आमच्या माणसापुढे दोन मिनिटं टिकला नसता." आणि त्यांनी हातातल्या पळीने भिंतीकडे दाखवलं.

नवा माणूस त्या दिवसापासून रेडिओवाला झाला. चार दिवसांनी वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. तो बाजाराचा दिवस होता. मामा आत, कोपऱ्यातल्या बाकड्यावर भिंतीला टेकून बसले होते. मी बातमी वाचली, चाचांनी पुन्हा तेच ऐकवलं आणि सगळे हसले.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "कशावरून?"

सगळ्यांनी वळून बघितलं. मामा या हॉटेलात कित्येक वर्षं येत होते, पण चहा मागण्यापलीकडे त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"काय कशावरून?" चाचा म्हणाले.

"टिकला नसता ते कशावरून? मास्तर, तो कागद बगू द्या जरा."

मी पेपर दिला. त्यांनी फोटोतल्या माणसाच्या तोंडाकडे बघितलंच नाही. बोट फोटोवरून खाली सरकवत पायांवर आणलं.

"हे बगा. टाच उचललेली हाय. दोनी पायांची. असा माणूस तुमच्या हाताशी येतोय कशाला? तुमचा भिंतवाला लाकडाच्या ओंडक्यावानी उभा हाय. ज्याचा पाय जमिनीत रुतला, तो हलणार कधी आन मारणार कधी?"

"ओंडका?" चाचांनी पळी खाली ठेवली. "अरे भाई, त्या ओंडक्याचा एक हात बसला की बैल खाली बसेल!"

"बसला तर ना!"

अशी सुरुवात झाली. पुढे महिना दीड महिना पोलादपूरच्या नाक्यावर दुसरा विषय नव्हता. दोघं कधी समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? भिंतवाला आता पन्नाशीचा असेल, रेडिओवाला तर अजून पोरगा. मग मीच तोडगा काढला की दोघंही ऐन सत्ताविशीतले धरायचे. हे सगळ्यांना पटलं. मग वजनाचा वाद निघाला, मग उंचीचा, मग पंधरा फेऱ्या धरायच्या की जुन्या काळासारखं एक पडेपर्यंत. गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर महाडला वाद घेऊन जात आणि दुसऱ्या दिवशी तिकडचं मत घेऊन येत. नाक्यावरचा न्हावी भिंतवाल्याचा होता, टायरवाला रेडिओवाल्याचा, आणि दोघांनी एकमेकांकडे जाणं थांबवलं होतं.

मी भिंतवाल्याच्या बाजूने होतो. त्याला काही मोठं कारण नव्हतं. ते चित्र रोज समोर होतं आणि त्या माणसाच्या डोळ्यांत एक शांतपणा होता, तो मला आवडे. शिवाय मामा पलीकडे होते आणि त्यांच्याशी भांडायची का होईना, संधी मिळत होती. कारण आता मामा बोलत होते! आठवड्यातून एकदा येणारा माणूस दोनदा यायला लागला. कधी मीठ संपलं म्हणून, कधी कोयत्याला धार लावायची म्हणून.

"बाबा हल्ली लई येतात," बायको एक दिवस म्हणाली. "घरात डोकावतात, पानी पितात, आन लगेच नाक्यावर. माज्यासाठी नाय येत, ते कळलंय मला."

"माझ्यासाठी येतात," मी म्हणालो.

"तुमच्यासाठी पन नाय. त्या बॉक्सरासाठी येतात." ती हसली. तिला बरं वाटत होतं आणि मलाही.

ते मीच बिघडवलं.

चैत्राचे दिवस होते, शाळा सकाळची होती. दुपारी हॉटेलात गर्दी होती. मामा उभे राहून दाखवत होते की रेडिओवाला डावीकडून कसा फिरेल. त्यांचं म्हणणं लोकांना पटत चाललं होतं. मला उगाचच चेव आला. मास्तर म्हणून समजावून सांगायची सवय तोंडात होतीच.

मी म्हणालो, "मामा, आखाड्यातली माती निराळी आणि ते दोरांचं रिंगण निराळं. जत्रेतल्या कुस्तीवरून मुष्टियुद्धाचं कसं सांगता येईल? जे आपण कधी बघितलं नाही, त्यावर एवढ्या खात्रीने बोलू नये माणसाने."

जावई सासऱ्याला चारचौघांत असं बोलत नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, ओळखीच्या वाटेवर अचानक कुंपण लागावं तसं. मग त्यांनी अर्धा राहिलेला चहा बाकड्यावर ठेवला, टोपी सारखी केली आणि चालू लागले.

पुढच्या बाजाराला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. वाडीवरचा एक शेजारी तांदळाची पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "काकांनी धाडलीय." नाक्यावर वाद चालूच होता, पण त्यात जीव उरला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मी बायकोला सगळं सांगितलं. आधी तिला वाटत होतं, बाबा राब भाजायच्या कामात अडकले असतील. शेताचा एक तुकडा पाला-शेण पसरून आधी भाजायचा आणि पाऊस आला की त्यात भाताचं बी पेरायचं; भाजायचं काम याच दिवसांतलं. मी बोललेलं वाक्य तिला जसंच्या तसं सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिचे हात थांबले.

"असं बोललात तुमी त्यांना? कदी बगितलं नाय म्हनून?"

"हो."

"आवो, बाबा लगीन व्हायच्या आदी मुंबईला गोदीत व्हते. सा वर्सं. तितं ते हातमोजे घालून लढलेत गोऱ्या खलाशाबरोबर. त्यातच तर त्यांचा डावा कान गेला."

"गेला म्हणजे?"

"ऐकू येत नाय त्या कानानं. साऱ्या वाडीला ठावं हाय." मग ती माझ्याकडे बघून थांबली. "तुमाला ठावं नाय?"

मला ठाऊक नव्हतं. तिने मला सांगितलं नव्हतं, कारण जन्मापासून माहीत असलेली गोष्ट कुणाला सांगायची असते हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मामा स्वतः सांगणाऱ्यांतले नव्हते. वाडीवरच्या ओटीवर माझी घोंगडी कुठे असते, ते मी आठवून बघितलं. त्यांच्या डाव्या हाताला. दीड वर्ष मी त्यांच्या बहिऱ्या कानाशी पावसाचं आणि बैलांचं बोलत होतो, आणि डोंगराकडे बघत बसणाऱ्या माणसाला मी बोलतोय हेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ऊन डोक्यावर घेऊन मी वाडीची वाट धरली. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो. एकही वाक्य शेवटपर्यंत टिकलं नाही. पोचलो तेव्हा मामा शेतात राबाची राख काठीने सारखी करत होते. पाय गुडघ्यापर्यंत काळे झालेले. मी मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

"मामा, मी चुकलो."

त्यांनी काठी रोवली. "ऊन लई हाय. चला, वर चला."

एवढंच. माफ केलं असंही नाही आणि केलं नाही असंही नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी ताक दिलं. मी ओटीवर उजव्या बाजूला बसलो. मामांनी माझ्या बसण्याकडे एकदा बघितलं, मिशीत हसले.

"पोरीनं सांगितलं वाटतं."

"हो."

मग त्यांनी मला गोदीची गोष्ट सांगितली. मला ती त्यांच्याच शब्दांत लिहिता आली असती तर बरं झालं असतं. ते बावीस-तेवीस वर्षांचे होते. परदेशी बोटी लागल्या की सुट्टीच्या दुपारी खलाशी मालाच्या वखारीमागे दोर बांधून झुंजी लावत. एकदा एका बोटीवर कोळसा टाकणारा एक दांडगा गोरा होता, त्याच्यापुढे कुणी उभं राहीना. मुकादमाने मामांना पुढे केलं. मोजे घातल्यावर त्यांना वाटलं, हाताला कुणी फणसच बांधलेत.

"पाय माजे लई हलके व्हते मास्तर. तो एकदा हात फिरवायचा, तवर मी तीनदा फिरायचो. दोन फेऱ्या त्याला मी दिसलो पन नाय. तिसऱ्या फेरीला मी मागं सरलो, आन मागं दोर व्हता. ते मी इसरलो. त्याचा उजवा हात आला तो हितं." त्यांनी डाव्या कानावर तळवा ठेवला. "पडलो नाय. पन पुढं काय झालं ते माज्या ध्यानात नाय. लोक सांगत्यात, उभा व्हतो."

"म्हणून तुम्ही रेडिओवाल्याच्या बाजूने?"

त्यांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "हलक्या पायाचा मानूस हरतो, ते मी बगितलंय. तो जिंकतो का, ते बगायचं हाय."

मग त्यांना एकाएकी उत्साह आला. "उठा. हात वर करा. भिंतवाला कसा उभा ऱ्हातो?" मी अंगणात त्या चित्रासारखा हनुवटीखाली मुठी धरून उभा राहिलो. त्यांनी माझे पाय आपल्या पायाने सारखे केले, कोपर आत दाबलं आणि साठीतला तो माणूस माझ्याभोवती फिरायला लागला. खरोखर टाचा जमिनीला लागत नव्हत्या. मी एकदा हात पुढे केला. तो कुणाला लागला नाही, पण त्यांचा तळवा माझ्या नाकाला लागला. चष्मा उडून तुळशीपाशी पडला.

सासूबाई धावत बाहेर आल्या. "अवो, जावयाला मारताय काय! येड लागलं काय तुमाला?"

"मारत नाय गो, शिकवतोय!"

चष्म्याची एक काडी वाकली होती. मी ती पुढे वर्षभर तशीच वापरली.

त्यानंतर मामा पुन्हा खाली यायला लागले. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसू लागलो आणि हॉटेलातल्या लोकांना वाटलं, सासऱ्या-जावयाचा समेट झाला. वाद मात्र पहिल्यासारखाच होता. मी भिंतवाल्याला सोडलं नव्हतं.

आषाढात एका सकाळी कशेडीच्या घाटात दरड आली. असं दर पावसाळ्यात एकदा तरी व्हायचं. रत्नागिरीकडे जाणारे ट्रक नाक्यापासून मागे नदीपर्यंत उभे राहिले. दुपारपर्यंत चाचांच्या मांडवाखाली पाय ठेवायला जागा उरली नाही. ड्रायव्हर, क्लीनर, गाडीतून उतरलेली माणसं. शाळा लवकर सोडली होती. पाऊस थोडा थांबलेला बघून मामाही आले होते, बैलाच्या औषधासाठी. बायको डोक्यावर इरलं घेऊन बापाला भेटायला आली आणि दारापाशी खांबाला टेकून उभी राहिली.

भिंतीवरच्या चित्राबद्दल कुणीतरी विचारलं. चाचांनी सांगितलं. मग दुसऱ्या बाजूचंही सांगणं भाग पडलं. एक सरदारजी ड्रायव्हर मांडी ठोकून म्हणाला, "बातें बहुत हो गईं. लड़ाओ दोनों को!"

"कसे लढवणार?" कुणीतरी म्हणालं.

"तोंडाने," चाचा म्हणाले. "माझा माणूस काय करतो ते मी सांगतो, त्यांचा काय करतो ते त्यांनी सांगावं. पंधरा फेऱ्या. मास्तर पंच."

"मास्तर तुमच्या बाजूचे आहेत," टायरवाला म्हणाला.

"आणि जावई तुमच्या बाजूचे!" न्हावी ओरडला. हे दोघांनाही पटलं. मी शाळेतून हातघंटा आणली, मनगटावरचं घड्याळ काढून बाकड्यावर ठेवलं. नियम एवढाच की एकाने ठोसा सांगितला की तो बसला की नाही, हे ज्याच्या माणसाला मारला त्याने खरं सांगायचं.

पहिल्या तीन-चार फेऱ्यांत काही घडलं नाही. मामांचा माणूस फिरत राहिला, चाचांचा मधोमध उभा राहिला. "वाट बघतोय," चाचा म्हणत. "घाई नाही त्याला." मामा छोटे छोटे ठोसे सांगत, कपाळावर, नाकावर, आणि चाचा प्रामाणिकपणे म्हणत, "बसला. पण माशी बसल्यासारखा." लोक हसत. सहाव्या फेरीत चाचांनी मामांच्या माणसाला कोपऱ्यात गाठलं.

"बरगडीत. एक, दोन!"

मी मामांकडे बघितलं. "बसले?"

मामांनी डोळे मिटून विचार केला. "एक बसला. एक कोपरावर घेतला."

मांडवात "वा!" झालं. हा माणूस खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना कळलं, आणि तिथून ती झुंज खरी झाली. पाऊस पुन्हा लागला होता, पत्र्यावर एवढा आवाज होता की बोलणाऱ्यांना ओरडावं लागत होतं. तरी मागचे लोक पुढच्यांना विचारत, काय झालं, काय झालं? चाचांच्या भट्टीवरचं दूध उतू गेलं आणि त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही.

अकराव्या फेरीत मामा म्हणाले, "मागं सरला." आणि एकदम थांबले.

चाचांना तेवढंच हवं होतं. "मागे दोर आहे! उजवा हात. सरळ कानावर!"

चाचांना मामांच्या कानाची गोष्ट माहीत नव्हती. नाक्यावर ती फक्त मला आणि बायकोला माहीत होती. बसला का, हे मला विचारायचं होतं. त्याऐवजी मी दाराकडे बघितलं. तिने पदर तोंडाशी धरला होता.

मामांनी आपणहून मान हलवली. "बसला."

"खाली गेला?" चाचांनी हळू विचारलं.

"गुडगा टेकला. मोजा मास्तर."

मी मोजू लागलो. एक. दोन. तीन. मांडवाखालचे सगळे माझ्याबरोबर मोजायला लागले. मामा बाकड्यावर खाली मान घालून बसले होते. सातला ते उभे राहिले. स्वतः, दोन्ही पायांवर. टायरवाल्याने अशी आरोळी ठोकली की बाहेरच्या ट्रकमधले लोक उतरून आले.

"आता पळणार नाय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच झाला होता. "आता आत शिरला. डोकं तेच्या हनुवटीखाली. इतक्या जवळ, की तेला हात फिरवायला जागाच नाय. लांबचा हात लागतो, जवळचा लागत नाय. पोटात मारतो. पुन्ना पोटात. मागं सरायचं नाय, आत शिरायचं. हे तवा सुचलं नाय. लई वर्सांनी सुचलं, नांगर धरल्यावर."

"तवा" म्हणजे केव्हा, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, झुंजीतलंच काहीतरी आहे. चाचा गोंधळले होते. त्यांचा माणूस लांबून मारणारा. छातीला चिकटलेल्या माणसाचं काय करायचं ते त्यांना सुचेना. बाराव्या, तेराव्या, चौदाव्या फेरीत ते "ढकलला" म्हणत आणि मामा "पुन्ना आत" म्हणत. शेवटच्या फेरीत चाचांनी दोन चांगले ठोसे मारले आणि मामांनी ते दोन्ही कबूल केले. मी घंटा वाजवली.

आता निकाल माझ्याकडे होता. मी सहा महिने भिंतवाल्याचा माणूस होतो. पण मला जे दिसलं होतं ते दिसलं होतं. मी उठलो आणि मामांचा हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा हात हातात धरला असेन.

मामांनी तो झटकन खाली ओढला. "नाय. जावयाचा न्याय मला नको. सासरा म्हनून देऊ नका."

"मामा, मी खरंच..."

"भाय, तुमी सांगा," ते चाचांकडे वळले.

चाचा घामाघूम झाले होते. त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. "मास्तर पहिल्या दिवसापासून माझ्या पार्टीचा आहे. तो माझ्या विरुद्ध बोलतो म्हणजे बरोबरच असणार. तुमचा जिंकला." आणि त्यांनी पुढे होऊन मामांना मिठी मारली. सरदारजीने सगळ्यांना चहा सांगितला. चाचांनी तेव्हा कुठे भट्टीकडे बघितलं आणि दुधाच्या नावाने ओरडायला सुरुवात केली.

गर्दी पांगल्यावर मी कप उचलू लागलो, तेव्हा चाचा माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, खरं सांगू? मी त्याला लढताना नाही बघितलं. बंदरावर मोटारीतून उतरताना बघितला. गर्दी होती. त्याने एका पोराला उचलून खांद्यावर घेतलं, तेवढं बघितलं. पण लढत असता तर असाच लढला असता." मी म्हणालो, "असाच लढला असता." आणि मला तसंच वाटत होतं.

त्या संध्याकाळी ओढ्याला पाणी चढल्याने मामांना वाडीवर जाता आलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच ते आमच्या घरी राहिले. बायकोने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट केली. मामा जेवताना तिला गोष्टी सांगत होते, त्याही मी कधी न ऐकलेल्या: गोदीत खोबऱ्याची पोती उतरवायचा दिवस आला की मुकादम पोरांना खोबरं खाऊ देत डोळे कसे मिटून घ्यायचा, रात्रपाळीला कोण भजन म्हणायचं. कानाचं किंवा झुंजीचं काही बोलले नाहीत. फक्त हात धुताना मला म्हणाले, "बाराव्या फेरीला घंटा उशिरा दिलीत. मी मनात मोजत व्हतो."

"पाऊस होता मामा. घड्याळ दिसत नव्हतं."

"दिसत व्हतं. तुमी ऐकत बसलात."

सकाळी पाणी उतरलं. मी त्यांना ओढ्यापर्यंत पोचवायला गेलो. पलीकडे चढण लागते तिथे ते थांबले आणि कापणीला माणूस कमी पडेल, सुट्टी असेल तर या, म्हणाले. जावयाला कुणी कापणीला बोलवत नाही. मी हो म्हणालो.

आश्विनात मी चार दिवस गेलो. कोयता कसा धरायचा ते सासूबाईंनी दाखवलं आणि पहिल्या दिवशीच माझ्या तळहाताला फोड आले. मामा पुढच्या ओळीत होते, मी मागे, आणि माझी ओळ इतकी वाकडी जात होती की शेजारच्या शेतातली माणसं काम सोडून बघत होती. दुपारी बांधावर बसून आम्ही भाकरी खाल्ली. खालच्या बाजूला सावित्रीवर ऊन पडलं होतं.

"मास्तर," मामा म्हणाले, "भाताचं ऱ्हाऊ द्या. तुमी शाळाच सांभाळा."

मी चौथ्या दिवसापर्यंत कापत राहिलो.